सहा टूल्स आणि फोनची वही

‘स्टॉकची माहिती देते.’

एवढंच लिहिलं होतं. त्याखाली ‘लॉटची माहिती देते’, त्याखाली ‘दर दाखवते’, असं पान भरून. मालकांच्या भाच्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, “ताई, ही वर्णनं तुम्ही लिहून द्या. कोड माझा, पण बेदाण्यातलं मला काही कळत नाही.” माझं नेमकं उलटं. मी तासगावजवळच्या एका कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात बसते. आवक-जावक, भाडं, पावत्या आणि दिवसभर वाजणारा फोन हे माझं काम. वर्णन म्हटल्यावर मला शाळेतला ‘पावसाळ्यातील एक दिवस’ आठवला. हे वर्णन वाचणार कोण, वाचून करणार काय, आणि जिथे एका ओळीत भागतंय तिथे मी आणखी काय घालायचं, याचा काही म्हणजे काही अंदाज नव्हता.

आमचा धंदा थोडा सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जानेवारी ते एप्रिल द्राक्षं उतरतात. त्यातली बरीच पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडच्या जाळ्यांवर वाळत घालतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. तो निवडून, प्रतवारी करून, पंधरा-पंधरा किलोच्या बॉक्समध्ये आमच्याकडे येतो. मग शेतकरी भाव बघत बघत थोडा थोडा सौद्याला काढतो. सौद्यात विकला गेला तरी पुष्कळदा माल आमच्याकडून हलत नाही. घेणारा व्यापारी तो आपल्या खात्यावर तिथेच ठेवतो. बॉक्स तोच, रॅक तीच, मालक बदललेला. त्यामुळे फोनवर दिवसभर एकच प्रश्न शंभर तऱ्हांनी येतो: माझा किती राहिलाय?

या फोनांसाठी भाच्याने एआय एजंट करायला घेतला होता. शेतकऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर विचारायचं, एजंटने आमच्या सॉफ्टवेअरमधून बघून उत्तर द्यायचं. मला वाटलं होतं, एजंट म्हणजे संगणकात शिरून सगळी कपाटं धुंडाळणारं काहीतरी असणार. तसं अजिबात नाही. मॉडेल कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरवर असतं. त्याला आमचं सॉफ्टवेअर दिसत नाही, भाच्याचा कोडही दिसत नाही. प्रत्येक संदेशाबरोबर त्याच्याकडे टूल्सची एक यादी जाते: प्रत्येक टूलचं नाव, त्याचं वर्णन, आणि कोणती माहिती भरून द्यायची याचा जेसन स्कीमा नावाचा आराखडा. ती यादी वाचून मॉडेल ठरवतं की आता कुठलं टूल लागेल, आणि ‘हे टूल, ही माहिती घालून चालवा’ असं लिहून परत पाठवतं. चालवतो आमचाच प्रोग्रॅम. निघालेलं उत्तर पुन्हा मॉडेलकडे जातं आणि मग ते शेतकऱ्याला मराठीत सांगतं. ओपनएआयने जून 2023 मध्ये ही सोय प्रोग्रॅमरांसाठी खुली केली, मग इतर कंपन्यांकडेही ती आली. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला, म्हणजे कुणाचंही टूल कुणाच्याही एजंटला जोडता यावं. त्यातही टूल म्हणजे मुख्यतः याच तीन गोष्टी: नाव, वर्णन, आराखडा.

“पण कालचं तरी त्याला आठवत असेल?” मी विचारलं.

“नाही ताई. यादी दर वेळी नव्याने जाते. तुम्ही त्यात जे लिहाल तेवढंच त्याला माहीत.”

हे ऐकल्यावर मात्र मला चेंबरच्या चिठ्ठ्या आठवल्या. हमाल माझी चिठ्ठी घेऊन थंडीत आत जातो आणि जाड दार मागे लागतं. चिठ्ठीवर चेंबर, रॅक, लॉट आणि बॉक्स नीट असले तर दहा मिनिटांत माल बाहेर. ‘मागच्या आठवड्यात आला होता तो’ असं लिहिलं तर दात वाजवत तो कुणाचा तरी माल घेऊन येणार, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. एवढं डोक्यात आल्यावर हे काम मला परकं वाटेनासं झालं. सोपं मात्र तरीही वाटलं नाही.

भाच्याच्या यादीत एक मूळचीच अडचण होती. सॉफ्टवेअरमध्ये जितके स्क्रीन तितकी टूल्स त्याने करून ठेवली होती. स्टॉक वेगळा, स्टॉक रजिस्टर वेगळं, लॉट वेगळा, लॉट लेजर वेगळं. मला स्वतःला त्यातले दोन स्क्रीन कशासाठी आहेत ते अजून माहीत नाही; सॉफ्टवेअरवाल्याने दिले म्हणून आहेत. कुठलं कधी उघडायचं हे ऑफिसातल्या माणसालाच सांगता येत नसेल तर एजंटला काय डोंबल कळणार? आम्ही मिळून यादी सहावर आणली: शिल्लक, लॉटचा तपशील, भाडं, सौद्याचे दर, जावक, आणि निरोप. निरोप म्हणजे ‘हे मला जमत नाही, ऑफिसच्या माणसाने फोन करावा’ अशी नोंद करणारं टूल. ते माझ्या आग्रहाने आलं, आणि आज सगळ्यांत कामाचं तेच आहे असं माझं मत आहे.

आता तपासायचं कसं, तर भाचा आठ-दहा प्रश्न स्वतःच रचून बसला होता: ‘कृपया माझ्या खात्यावरील उपलब्ध साठा सांगा.’ असं आमच्याकडे कुणी बोलत नाही. मी माझी फोनची वही काढली. कोण काय विचारत होता ते मी वर्षानुवर्षं जसंच्या तसं लिहून ठेवलेलं आहे, कारण दुपारी मालक विचारतात. ‘किती शिल्लक हाय ओ?’, ‘परवा काढला त्यातनं काय उरलं?’, ‘बाबांच्या नावावर काय हाय का बघा’, ‘भाडं धरून किती बसलं?’, ‘दर काय म्हणतोय?’ हे सगळं एजंटला घातलं, आणि तो काय उत्तर देतो त्यापेक्षा कुठलं टूल उचलतो आणि त्यात काय भरतो ते बाजूच्या खिडकीत बघत बसलो. ही खिडकी नसती तर मी हे काम सोडून दिलं असतं. उत्तर गोड मराठीत येतं, त्यावरून आत काय झालं ते कळत नाही.

भाच्याची जुनी यादीच अजून जोडलेली होती; पहिल्याच प्रश्नाला ‘स्टॉकची माहिती देते’ हे टूल चाललं आणि शेतकऱ्याला अख्ख्या कोल्ड स्टोरेजमधले बॉक्स मोजून सांगितले गेले. टूलचं काही चुकलं नव्हतं. ते मालकांसाठी केलेलं, रोज संध्याकाळी चेंबर किती भरलेत ते बघायला. वर्णनात तसं म्हटलंच नव्हतं.

मग मी लिहायला बसले. शिल्लक टूलचं जे वर्णन आज चालू आहे ते असं: ‘एका खातेदाराचे कोल्ड स्टोरेजमध्ये आज किती बॉक्स आहेत ते सांगते. शेतकरी ‘माझा माल किती राहिला’, ‘बाकी किती’, ‘उरला किती’ असं विचारतो तेव्हा हे वापरावं. विकलेला पण व्यापाऱ्याने इथेच ठेवलेला माल यात धरलेला नाही. तो व्यापाऱ्याच्या खात्यावर दिसतो. एखादा लॉट कधी आला, कुठल्या प्रतीचा, हे यातून कळत नाही. त्यासाठी लॉट तपशील वापरावं. उत्तर बॉक्सच्या संख्येत येतं, किलोमध्ये नाही. खातेदाराची ओळख पटली नसेल तर हे टूल चालवू नये, आधी गाव विचारावं.’

अँथ्रॉपिकच्या सूचनांत एका टूलला निदान तीन-चार वाक्यं तरी लिहा असं म्हटलंय, हे भाच्याने नंतर दाखवलं. मला त्याचं नवल वाटलं नाही. नवल याचं वाटलं की यातलं पहिलं वाक्य, ज्याच्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, ते जवळजवळ बिनमहत्त्वाचं निघालं. ते जरा वेडंवाकडं असलं तरी एजंटचं अडत नव्हतं. कामाला आली ती ‘हे यातून कळत नाही, तिकडे जा’ अशी वाक्यं. दर आणि भाडं यांच्यात तर हे फारच दिसलं. आमच्याकडे ‘दर’ सौद्याचाही असतो आणि ठेवण्याचाही. दोन्ही टूल्स आपापल्या जागी नीट लिहिलेली, तरी ‘दर काय चाललाय’ म्हटलं की एजंट कधी इकडे कधी तिकडे. दोघांच्याही वर्णनात एकमेकांचं नाव घालून ‘त्यासाठी ते’ असं लिहिल्यावर गोंधळ थांबला. शेजाऱ्याची हद्द आपल्या उताऱ्यावर लिहिलेली असली म्हणजे बांधावरून भांडण होत नाही, हे आमच्या भागात कुणाला वेगळं सांगायला नको.

दराच्या टूलला मी आणखी एक ओळ जोडली: ‘भाव वाढेल का, माल आत्ता काढावा का थांबावं, हे सांगण्यासाठी हे टूल नाही.’ भाचा म्हणाला, असं कोण विचारणार? वहीचं कुठलंही पान उघड म्हटलं.

डोकं खाल्लं ते सालाने. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आर्थिक वर्ष चालतं, 1 एप्रिल ते 31 मार्च, आणि बेदाण्याचा हंगाम त्या रेघेवर बरोबर आडवा पडलेला. एका शेतकऱ्याचा, एका बागेतला, एकाच शेडवर वाळलेला माल. समजा 28 मार्च 2025 ला आलेली गाडी 2024-25 मध्ये नोंदवली जाते आणि 4 एप्रिलची 2025-26 मध्ये. त्याच्या लेखी सगळा ‘यंदाचा’. टूलच्या आराखड्यात ‘वर्ष’ असा रकाना होता आणि त्याचं वर्णनही ‘वर्ष’. एजंटने यंदाचं म्हणून 2025 भरलं, प्रोग्रॅमने त्याचा अर्थ 2025-26 असा घेतला, आणि मार्चमध्ये सगळा माल ठेवून गेलेल्या माणसासाठी उत्तर तयार: ‘आपल्या खात्यावर यंदाचा कोणताही माल शिल्लक नाही. आणखी काही मदत हवी आहे का?’

चाचणी होती, खरं कुणाला गेलं नव्हतं, तरी माझ्या पोटात गोळा आला. वर्षाची कमाई ज्या चेंबरमध्ये आहे तिथून रात्री नऊला असा मेसेज आला तर माणूस मोटरसायकल काढून गेटवर येईल, आणि एकटा येणार नाही.

मी आर्थिक वर्षावर एक छान परिच्छेद लिहिला. हंगाम कसा दोन वर्षांत विभागला जातो, कुठल्या महिन्याला कुठलं साल, उदाहरणासकट. मॉडेलला तो समजला, यात शंका नाही. पण समजल्यामुळे ते शेतकऱ्यालाच विचारू लागलं, ‘आपल्याला आर्थिक वर्ष 2024-25 अपेक्षित आहे की 2025-26?’ आमच्या शेतकऱ्याला हा प्रश्न फक्त बँकेत विचारतात, आणि तिथेही त्याला तो आवडत नाही. वाक्यं बदलून बघितली, पुढची मागे केली, मागची पुढे केली. कधी बरोबर यायचं, कधी नाही. हात टेकले.

शेवटी भाचाच म्हणाला, “ताई, हा रकानाच काढू या का?” त्याने ‘वर्ष’ काढून ‘हंगाम’ ठेवला, त्यात मोजके ठरलेले पर्याय: चालू, मागचा, सगळे. दोन आर्थिक वर्षं जुळवण्याचं काम प्रोग्रॅमच्या पोटात गेलं. माझा छान परिच्छेद पुसला गेला आणि त्याच्या जागी एक ओळ आली: ‘शेतकरी यंदाचा म्हणाला तर चालू; काहीच म्हणाला नाही तर सगळे.’ त्यानंतर ही तक्रार मला दिसलेली नाही. कोड सुधारणाऱ्या एजंटचा असाच किस्सा अँथ्रॉपिकच्या लोकांनी डिसेंबर 2024 मध्ये लिहिलाय. तो एजंट मूळ फोल्डर सोडून दुसरीकडे गेला की फाइलचा अर्धवट पत्ता चुकवायचा. त्यांनी टूलला नेहमी पूर्ण पत्ताच लागेल असं करून टाकलं, आणि प्रश्न मिटला. टोयोटाच्या कारखान्यांत काम केलेले शिगेओ शिंगो 1960 च्या दशकापासून हेच सांगत आले, की कामगाराला ‘नीट लक्ष दे’ म्हणण्यापेक्षा भाग उलटा बसणारच नाही असा बनवा. त्याला पोका-योके म्हणतात. समजावून सांगण्याची हौस असलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. मला गेलं.

याच प्रकरणातून आणखी एक निघालं. टूल रिकाम्या हाताने परत येतं तेव्हा त्याचे तीन अर्थ असू शकतात: माल खरंच संपलाय, असा खातेदारच सापडला नाही, किंवा भरलेली माहिती चुकली. आमचा प्रोग्रॅम तिन्हींना एकच शून्य द्यायचा. शून्य मिळालं की एजंट ‘माल नाही’ म्हणून मोकळा. आता तिन्हीसाठी वेगळी वाक्यं परत येतात, आणि ती मीच लिहिली आहेत. ‘या नावाचे खाते सापडले नाही. पावतीवरील नाव किंवा गाव विचारून पुन्हा शोधा.’ ‘खाते आहे, सर्व माल निघालेला आहे, शेवटची जावक या तारखेला.’ आधी तिथे नुसता इंग्रजी एरर आणि एक नंबर होता. एजंट तो बघून तेच टूल तीच माहिती घालून पुन्हा पुन्हा चालवत बसायचा. पुढे काय करायचं ते कुणी सांगितलेलंच नव्हतं त्याला. वर्णन यादीतच संपतं असं मी समजत होते, पण टूल जे परत पाठवतं तेही मॉडेल वाचतंच. मग तिथलं वाक्यही तितक्याच काळजीने लिहायला नको का?

नावांची गोष्ट थोडक्यात सांगते. तासगाव तालुक्यात नुसतं पाटील म्हणून शोधलं तर गाव गोळा होईल. टूल पूर्वी पहिलं सापडलेलं खातं द्यायचं. आता एकापेक्षा जास्त सापडली तर गावांची नावं देतं आणि ‘यापैकी कोणते, ते विचारा’ म्हणतं. शिवाय ज्या नंबरवरून मेसेज आला त्याच नंबरची खाती दिसतात. हे मात्र वर्णनात लिहिलेलं नाही, कोडमध्येच बांधलेलं आहे. त्यामागचं कारण पुढे येतं.

मधल्या काळात मला जोर देण्याचा नाद लागला होता. एखादं टूल वापरलं जाईना की वर्णनात ‘अत्यंत महत्त्वाचे’, ‘नेहमी आधी हेच वापरावे’, शेवटी उद्गारचिन्ह. परिणाम लगेच दिसला. नुसतं ‘नमस्कार’ लिहिलं तरी एजंट शिल्लक तपासायला धावायचा. मॉडेल सांगितलेलं फारच मनावर घेतं. भाच्याने समजूत घालायला एक किस्सा सांगितला, तोही मोठ्या कंपनीचा. अँथ्रॉपिकने आपल्या क्लॉड या मॉडेलला इंटरनेटवर शोधण्याचं टूल दिलं तेव्हा ते प्रत्येक शोधाच्या शेवटी उगाचच 2025 जोडत होतं, आणि त्यामुळे शोध बिघडत होता. त्यांनी तो दोष टूलचं वर्णन सुधारून काढला. माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच, की असा दोष वर्णन नुसतं वाचून दिसत नाही. टूल वापरताना बघितल्यावर दिसतो. मी सगळी उद्गारचिन्हं काढली. त्या टूलची खरी अडचण होती की शेतकरी जो शब्द वापरतो तो वर्णनात नव्हता. तो घातला आणि झालं.

मराठीत लिहायचं की इंग्रजीत, यावर आमचं बरंच वाजलं. टूलचं नाव तर रोमन अक्षरांतच लागतं. अक्षरं, आकडे, खालची रेघ किंवा आडवी रेघ, आणि तेही ठरावीक लांबीच्या आत. वर्णन कुठल्याही भाषेत चालतं. भाच्याचं म्हणणं इंग्रजी. कारण पैसे टोकनवर, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांवर, मोजतात, आणि देवनागरी मजकुराचे टोकन त्याच अर्थाच्या इंग्रजीपेक्षा जास्त पडतात. वर्णनं प्रत्येक संदेशाबरोबर जातात म्हणजे ते सारखंच मोजलं जाणार. त्याचं खरं होतं. आम्ही वहीतले प्रश्न दोन्ही भाषांतल्या वर्णनांवर चालवून बघितले; टूल निवडण्यात मला तरी फरक दिसला नाही. मग मी म्हटलं, “हे बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार? तू पुण्याला असतोस.” तो गप्प झाला. वर्णनं मराठीत आहेत. सारखा जाणारा तोच तोच मजकूर साठवून ठेवण्याची सोय मॉडेलवाल्या कंपन्या देतात, तो भाग मग स्वस्त पडतो. ती त्याने चालू करून घेतली. सहा टूल्ससाठी एवढा खर्च परवडतो असं मालकही म्हणाले, आणि मालक सहज असं म्हणत नाहीत.

पण मराठी म्हणून सैल लिहून चालत नाही. आराखड्यात ‘वजन’ असा रकाना होता. कुणी ‘दोन टन काढायचाय’ म्हटलं की एजंट कधी 2 भरायचा, कधी 2000. रकान्याचं नावच ‘बॉक्सची संख्या’ केलं, वर्णनात लिहिलं की एक बॉक्स 15 किलोचा, टन किंवा किलो सांगितले तर बॉक्समध्ये करून शेतकऱ्याकडून खात्री करून घ्यावी. दोन टनांचे 133 बॉक्स आणि वर पाच किलो होतात. ते पाच किलो एजंटने परस्पर गिळू नयेत, म्हणून खात्री.

जावक हे यादीतलं एकच टूल असं, की ज्याने काहीतरी हलतं. बाकीची नुसती बघतात. त्याच्या वर्णनात मी लिहिलं, ‘मालकांच्या मंजुरीशिवाय हे टूल वापरू नये.’ मला वाटलं कुलूप लागलं. भाचा हसला नाही, उलट गंभीर झाला. म्हणाला, वर्णन ही सूचना आहे. मॉडेल बहुतेक वेळा पाळेल, पण ज्यात खरा माल बाहेर जातो तिथे ‘बहुतेक’ चालणार नाही. त्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये तर ‘हे टूल फक्त वाचतं’, ‘हे टूल काही पुसून टाकू शकतं’ अशा खुणा टूलला लावायची सोय आहे, पण त्या खुणाही नुसते इशारे मानावेत, अनोळखी टूलच्या असल्या तर त्यावर भरवसा ठेवू नये, असं त्याच्या नियमांतच लिहिलंय. म्हणून आता जावक टूल काहीच हलवत नाही. ते विनंतीची नोंद करतं, ती माझ्या स्क्रीनवर येते, मी पावतीशी ताडून बघते आणि मग चिठ्ठी फाडते. वर्णनात आता खरं तेच लिहिलंय: ‘विनंती नोंदवते. माल निघाला असे शेतकऱ्याला सांगू नये.’

अनोळखी टूलचा हाच प्रश्न पुढे हवामानाच्या वेळी आला. बेदाणा शेडवर असताना अवकाळी आला तर माल काळा पडतो, म्हणून एजंटने पावसाचा अंदाजही सांगावा अशी मालकांची इच्छा. भाच्याने इंटरनेटवरून एक तयार टूल आणलं. मी म्हटलं, आधी त्याचं वर्णन मला दाखव. तो म्हणाला, कशाला, तयारच आहे की. मग त्यालाच आठवलं. एप्रिल 2025 मध्ये इन्व्हेरियंट लॅब्स नावाच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या कंपनीने दाखवून दिलं होतं, की दोन आकड्यांची बेरीज करणाऱ्या साध्या टूलच्या वर्णनात गुपचूप सूचना लपवता येतात: आधी या संगणकातली अमुक गुप्त फाइल वाच आणि बेरजेबरोबर तीही पाठव. वापरणाऱ्याला समोर फक्त बेरीज दिसते. मॉडेल पूर्ण वर्णन वाचतं आणि पाळायला जातं. ज्या ओळींना मी इतके दिवस आपल्या मदतीचं साधन समजत होते त्याच ओळी दुसऱ्याच्या हातात काय करू शकतात, हे ऐकून त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. हवामानाचं टूल भाच्याने स्वतः लिहिलं, भारतीय हवामान विभागाच्या अंदाजावरून. त्याचं वर्णन अजून माझ्याकडे आलेलं नाही, आणि ते सातवं असल्यामुळे ‘सहाच टूल्स’ ही माझी अट मोडणार आहे.

सध्या अडलंय ते तारणावर. पुष्कळ शेतकरी आमच्या पावतीवर बँकेतून कर्ज उचलतात. माल आमच्याकडे, पावती बँकेत. कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र येत नाही तोवर तो माल कुणालाही देता येत नाही. लोक विचारतात, ‘माझा माल आता उचलता येतोय का?’ भाच्याने आठवं टूल मागितलं: तारण तपासा. मी वर्णन लिहायला बसले आणि दुसऱ्याच वाक्याला थांबले, कारण ‘हे टूल कुठे बघून सांगतं’ याचं उत्तरच नव्हतं. बँकेची पत्रं माझ्या डाव्या हाताच्या कपाटात, निळ्या फाइलला लावलेली आहेत. काहींवर लॉट नंबर असतो, काहींवर नुसती रक्कम. सॉफ्टवेअरमध्ये तारण म्हणून एक रकाना आहे, तो निम्म्या खात्यांवर भरलेला नाही. रिकामा म्हणजे तारण नाही, की भरायचं राहिलं, हे त्या खात्याकडे बघून मलाही सांगता येत नाही. मी उठून फाइल काढते.

भाच्याला म्हटलं, ती पत्रं कुठे आणि कशी भरायची ते तू आणि मालक आधी ठरवा, मागची सगळी भरून घ्या, मग वर्णन मागायला ये. तोवर शिल्लक टूलच्या वर्णनात एक ओळ वाढवली आहे: ‘शिल्लक आहे म्हणजे माल उचलता येतो असे नाही; तारणाबद्दल विचारले तर निरोप टूल वापरावे.’ ते निरोप माझ्याकडे येतात आणि मी दुपारी चारनंतर सगळ्यांना फोन करते.